गोठ्यातला मका, पानटपरीवरचा चुना: शेवगावच्या मळ्यात मेक्सिकन जेवणाचा एक दिवस

शेवगाव तालुक्यात मका म्हटला की आधी गोठाच डोळ्यांपुढे येतो. हिरवा असताना मुरघास, वाळल्यावर भरडा, आणि माणसांच्या वाट्याला फार तर पावसाळ्यात रस्त्याकडेला भाजलेलं कणीस. मेक्सिकोत मात्र हाच वाळलेला मका रोजची भाकरी आहे आणि निदान नऊ हजार वर्षांपासून तिथल्या शेतात आहे. शहरातल्या हॉटेलांत ‘मेक्सिकन’ म्हणून जे चीज ओघळणारं ताट येतं, त्याचं वळण बरंचसं अमेरिकेच्या टेक्सासकडचं. खुद्द मेक्सिकन खेड्यातलं जेवण म्हणजे मका, घेवडा, भोपळा, टोमॅटो आणि मिरची. यातलं सगळं आपल्या आठवडे बाजारात मिळतं. अवोकाडो तेवढा मिळत नाही, आणि त्याच्यावाचून काही अडतही नाही. तेव्हा पुण्याहून तयार टॉर्टियाची, म्हणजे तिकडच्या मक्याच्या भाकरीची, पाकिटं मागवायच्या भानगडीत पडू नका. भाकरी थापणारे दोन हात घरात असतील तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

पुढची मापं आठ मोठी माणसं आणि चार मुलं धरून दिली आहेत.

दिवस आणि जागा

नोव्हेंबरचा रविवार धरा, दिवाळीची पाहुणेमंडळी पांगल्यानंतरचा. खरिपाचा मका तोवर खळ्यावर आलेला असतो, लाल अंबाडीला बोंडं लागतात, झेंडू स्वस्त होतो आणि दुपारी चुलीपाशी बसवतं. कॅलेंडर मात्र आधी बघून घ्या. कार्तिकी एकादशी त्याच दिवशी आली तर आजी उपाशी बसणार आणि मग कोणाच्याच घशाखाली घास उतरणार नाही. कोंबडी करायची असेल तर कोणाचा कोणता वार आहे, तेही विचारून घ्या. जानेवारीवर हा बेत ढकलू नका. तेव्हा ज्वारीचा हुरडा निघालेला असतो आणि हुरड्यापुढे कुठलाच बेत टिकत नाही.

जागा आपल्या किंवा पाहुण्यांच्या मळ्यातली. सावली, पाणी आणि वाऱ्याच्या आडोशाला चूल, इतकं पुरे. मळा पैठणच्या बाजूला असेल तर सकाळी येताना घोटणला थांबून मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी मंदिर पाहता येतं. नाथसागराच्या काठावर पंगत मांडायचा मोह अनेकांना होतो. लहान मुलं बरोबर असतील तर तो टाळा, कारण जेवण करता करता पाण्याकडे लक्ष ठेवणं कोणालाच जमत नाही.

बाजारातून काय आणायचं

पिवळा वाळलेला मका दीड किलो, खाण्याचा चुना, राजमा किंवा काळा घेवडा 600 ग्रॅम, टोमॅटो दोन किलो, कांदे दीड किलो, लसणाचे चार गड्डे, हिरव्या मिरच्या, दहाबारा सुक्या लाल मिरच्या, एक लहान लाल भोपळा, दहा लिंबं, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, अर्धा किलो ताजं पनीर, लाल अंबाडीची चारपाच मुठी बोंडं, अर्धा किलो गूळ, पाव किलो साखर, दालचिनी, हिरवी कणसं बारा. जमलं तर भोपळ्याची फुलं. कोंबडी ऐच्छिक, पण तिचं पातेलं वेगळं.

मक्याच्या बाबतीत दोन गोष्टी अगदी काटेकोर पाळा. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीत उरलेलं बियाणं कधीही घेऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. गुलाबी, हिरवा किंवा लाल रंग दिसला की समजून जायचं. दुसरं म्हणजे आडत दुकानातून किंवा घरच्या कणगीतून मका घेताना मूठभर हातावर घेऊन वास घ्या. कुबट वास आला किंवा दाण्याच्या टोकाशी काळी-हिरवी बुरशी दिसली तर तो मका माणसांना नकोच, गुरांनाही नको. स्वीट कॉर्न या कामाचा नाही. त्यात साखर जास्त आणि पिठूळपणा कमी, त्यामुळे पीठच धरत नाही.

चुना पानवाल्याकडचा, साधा पांढरा. वास किंवा रंग घातलेला नको, आणि भिंतीला लावायचा तर मुळीच नको.

आदल्या संध्याकाळी: मका चुन्यात

सगळ्या जेवणाचा जीव या एका कृतीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

मका निवडून दोन पाण्यांनी धुवा. मोठं स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमचं घेऊ नका, चुना ते खातो आणि पाणी काळं पडतं. पाच लिटर पाणी तापत ठेवा. चुन्याचं माप मक्याच्या वजनाचा शंभरावा भाग, म्हणजे दीड किलोला कोरडा चुना 15 ग्रॅम. डबीतल्या ओल्या चुन्यात निम्मं पाणीच असतं, म्हणून तो 30 ग्रॅम घ्या. वाटीभर पाण्यात तो नीट कालवा, मग पातेल्यात ओता. कालवताना मुलांना लांब ठेवा. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर भारी पडतो. गेलाच तर भरपूर पाण्याने डोळा धुवत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता मका घाला. दोनतीन मिनिटांत दाणे गर्द पिवळे होतात आणि पावसाने भिजलेल्या नव्या चुनागच्चीसारखा एक वास सुटतो. मंद आचेवर, उकळी फुटेल न फुटेल अशा बेताने 45 मिनिटं ते तासभर ठेवा. आपला पिवळा मका टणक असतो, त्याला मेक्सिकोच्या पांढऱ्या मक्यापेक्षा वेळ लागतो. एक दाणा गार पाण्यात बुडवून चिमटीत चोळा. साल चिमटीत सुटून आली आणि दाणा नखाने तोडल्यावर मधोमध अजून पांढरा कोरडा ठिपका दिसला की पातेलं उतरवा. ठिपका नाहीसा होईपर्यंत शिजवलंत तर दुसऱ्या दिवशी पीठ चिकट होऊन हाताला लागेल. झाकण ठेवून रात्रभर, दहा-बारा तास तसंच राहू द्या.

हा खटाटोप नुसत्या सालीसाठी नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की नुसता मका खाऊन ते अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळं होतं, वर कॅल्शियमची भर पडते. मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. त्यामुळे इटलीच्या उत्तर भागात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने ग्रासलं. अंगावर चट्टे, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रम. मेक्सिकोतली खेडी पिढ्यान्‌पिढ्या मक्यावर राहूनही त्यातून वाचली ती या पांढऱ्या चिमटीमुळे.

राजमाही याच रात्री भिजत घाला.

सकाळी: धुणं आणि वाटणं

मका चाळणीत ओतून तीनचार पाण्यांनी धुवा, हातांनी चोळत चोळत. साल बरीचशी वाहून जाईल, थोडी राहिली तरी चालते, पीठ बांधून यायला तिचाच उपयोग होतो. पिवळं चुनखडी पाणी झाडांच्या मुळाशी किंवा गुरांच्या हौदात टाकू नका, लांब रस्त्याकडेला ओता.

हा ओला मका पिठाच्या गिरणीत चालत नाही, गिरणीवाला हाकलूनच देईल. मिक्सरवर एका वेळी दोन वाट्या मका, तीनचार चमचे पाणी आणि थांबत थांबत फिरवणं, असं घाण्या-घाण्याने उरकतं. कुरडईसाठी ओले गहू वाटून देणारं यंत्र गावात असेल तर काम आणखी सोपं. तरीही एक घाणा पाट्यावर वाटाच. मेक्सिकन बायका शेकडो वर्षं ज्यावर मका वाटत आल्या तो ‘मेताते’ही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचाच असतो. फरक एवढाच की त्याला तीन पाय असतात आणि तो वाटणारीकडून पुढे उतरता असतो. वहिनी-आत्यांनी आळीपाळीने बसायचं, मुलांनाही चार हात मारू द्यायचे. चिमटीत रवा लागेनासा झाला की पीठ झालं. ते मऊ भाकरीच्या पिठाइतकं मळा. मीठ घालायचं नाही. लिंबाएवढी गोळी दाबून पाहा: कडा फाटल्या तर पाण्याचा हात लावा, हाताला चिकटली तर पीठ फडक्यावर थोडा वेळ पसरून ठेवा. ओलं फडकं टाकून अर्धा तास झाकून ठेवलं की झालं.

वाटता वाटता सांगायला एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याच मातीतली आहे. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म 1884 चा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून देशोदेशी भटकले आणि 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले. तिथल्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या आणि मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं. मक्याचा पूर्वज असलेल्या तेओसिंते या रानगवताशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोगही त्यांचेच. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या एका भित्तिचित्रात त्याने पंगतीच्या मधोमध भाकरी मोडणारा जो माणूस रंगवला, तो खानखोज्यांचा चेहरा आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत 2022 मध्ये त्यांचा पुतळा बसवला गेला. मक्याच्या देशाला मका शिकवायला गेलेला हा मराठी माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकांत मुलांना क्वचितच भेटतो, तर निदान पाट्यापाशी भेटू द्या.

चूल पेटली की

पऱ्हाट्यांचा नुसता भडका होतो, जाळ टिकत नाही. बाभळीचे चार दांडके हवेतच.

आधी राजमा. भिजवलेलं पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात अख्खा कांदा आणि लसणाच्या पाकळ्या घालून निदान दहा मिनिटं खळाखळा उकळू द्या, मग मऊ होईपर्यंत शिजवा. कच्चट राजमा पोटाला बाधतो. घरून कुकरमध्ये शिजवून आणला तरी चालेल. कढईत तेलावर कांदा परतून त्यात राजमा त्याच्याच पाण्यासह घाला, रवीने किंवा डावाने अर्धवट ठेचा आणि मीठ घालून घट्ट होईस्तो परता. गरम मसाला, धनेपूड, आलं यांना आज सुट्टी. हात शिवशिवेल, पण आवरा. ते घातलंत तर तो आपला राजमाच होईल.

साल्सासाठी टोमॅटो, कांद्याच्या जाड चकत्या, सालीसकट लसूण आणि मिरच्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. सुक्या मिरच्या मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उलटून काढा, करपल्या की कडू होतात. मग पाट्यावर आधी लसूण, मीठ आणि मिरची, शेवटी टोमॅटो, असं भरड वाटा. लिंबू आणि कोथिंबीर वरून. ठेचा करणाऱ्या घराला यापेक्षा जास्त सांगायला नको. मुलांसाठी बिनमिरचीचा वाडगा वेगळा काढा.

भोपळ्याच्या लहान फोडी, एका कणसाचे दाणे आणि हिरवी मिरची तेलावर परतून झाकण ठेवा, दहा मिनिटांत भाजी. भोपळ्याची फुलं मिळाली असतील तर देठ-केसर काढून कांद्यावर परता आणि पनीर कुस्करून मिसळा. मेक्सिकोत या फुलांची केसादिया, म्हणजे सारण घालून दुमडून भाजलेली टॉर्टिया, मोठ्या आवडीने खातात. आपण भजी करतो. मला विचाराल तर भजीच सरस, पण आजचा मान केसादियाला. मका, घेवडा आणि भोपळा ही तिन्ही पिकं तिथे एकाच वावरात लावतात. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. आंतरपीक करणाऱ्या आजोबांना हे सांगून पाहा, बोलायला विषय मिळेल.

कोंबडी शिजवून धाग्या-धाग्याने सोडवा आणि कांदा, टोमॅटो, वाटलेली लाल मिरची यांत रस आटेपर्यंत परता.

टॉर्टिया थापणं

लिंबाएवढी, 30 ग्रॅमची गोळी. दीड किलो मक्याच्या साधारण नव्वद होतात. दुधाची पिशवी कापून धुऊन घ्या, दोन तुकड्यांमध्ये गोळी ठेवून वरून सपाट बुडाच्या जड पातेल्याने दाबा. वीतभरापेक्षा लहान गोल होईल. ज्यांच्या हाताला भाकरीची सवय आहे त्यांनी तळव्यांतच थापावी, तिकडच्या जुन्या बायकाही तशाच थापतात. तवा चांगला तापलेला हवा. भाकरीसारखं वरून पाणी फिरवायचं नाही, इथेच सगळ्यांचा हात सवयीने चुकतो. पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, उलटून पाऊण मिनिट, पुन्हा उलटली की फुगते. काढून लगेच जाड फडक्यात गुंडाळून टोपलीत. दहा मिनिटं एकमेकींच्या वाफेत राहिल्या की त्या मऊ होतात, म्हणून तव्यावरून थेट ताटात वाढू नका.

मका नकोच म्हणणारं एखादं पोर निघतं. त्याच्यासाठी पातळ गव्हाची पोळी करा, तीही मेक्सिकनच. उत्तरेकडच्या सोनोरा प्रांतात गव्हाचीच टॉर्टिया खातात. आणि त्या प्रांताच्या नावाचं ‘सोनोरा 64’ हे गव्हाचं वाण आपल्याकडे हरितक्रांतीत येऊन गेलं. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं होतं.

पेयं

लाल अंबाडीच्या बोंडांतली बी काढून पाकळ्या तीन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, साखर घाला, गार करा. मेक्सिकोत याला ‘हमायका’चं पाणी म्हणतात आणि प्रत्येक खानावळीत काचेच्या मोठ्या बरणीत ते ठेवलेलं असतं. चिंचेचं सरबतही तिथे तितकंच घरोघरी. चिंच मात्र इकडून तिकडे गेलेली. संध्याकाळसाठी आतोले: वाटीभर मक्याचं पीठ लिटरभर पाण्यात कालवून दालचिनीसह ढवळत शिजवा, दाट झालं की उतरवून गूळ घाला. दुधात करायचं असेल तर गूळ अगदी शेवटी, नाहीतर दूध फाटेल.

पंगत आणि पाहुणचार

जेवण दोन-अडीचला. तिथली दुपारच्या मोठ्या जेवणाची वेळ तीच. सगळं मधोमध मांडा: टोपली, राजमा, भाजी, साल्सा, लिंबाच्या फोडी, बारीक कांदा-कोथिंबीर, पनीर. प्रत्येकाने टॉर्टियात हवं ते घालून आपापला टाको भरायचा. वाढणारी बाई उभी आणि बाकीचे बसलेले, असं होऊ देऊ नका. तवा आळीपाळीने सांभाळायचा, पुरुषांनीही. पाहुण्याला हातात काम द्यायला मेक्सिकन घर लाजत नाही. नाताळाच्या सुमारास तमाल करायला सगळं नातं जमतं आणि पाहुणाही मक्याच्या सालींत पीठ भरायला बसतो. आपल्याकडच्या कुरडया-पापडाच्या दिवशी होतं तेच. जेवण संपल्यावर लगेच कोणी उठत नाही, तास-दीड तास तिथेच गप्पा चालतात. ताटं उचलायची घाई करणाऱ्या काकूंना तेवढं आधी सांगून ठेवा.

उन्हं कलली की मुलांची पिन्याता, म्हणजे टांगलेलं खाऊचं मडकं डोळे बांधून काठीने फोडण्याचा खेळ. मडकं डोक्यावर फुटून खापऱ्या लागतात, म्हणून पुठ्ठ्याचं खोकं घेऊन रंगीत पताकांचा कागद चिकटवा. आत पेरू, भुईमुगाच्या शेंगा, उसाची कांडकी, चिक्की. तिथल्या जुन्या पिन्यातांतही ऊस, पेरू आणि शेंगाच असायच्या. खोकं झाडाला दोरीने टांगा. डोळे बांधलेल्या मुलाच्या हाती काठी द्या आणि बाकीच्यांना दहा पावलं मागे उभं करा. दोरी वरखाली करायला मामा लोकांपैकी खोडकर असेल तो निवडा. बांधावर केकताड असेल तर तेही मुलांना दाखवा. मूळ तिकडचंच झाड. आपण त्याचा वाख काढून दोर वळले, तिकडे त्याच्या भाऊबंदांपासून दोरही वळतात आणि दारूही गाळतात.

झेंडूचं काम सगळ्यात शेवटी. झेंडूही मेक्सिकोचाच. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथे गेलेल्या माणसांसाठी घरात आरास मांडतात: फोटो, पेलाभर पाणी, मीठ, दिवा, झेंडूच्या पाकळ्यांची वाट आणि त्या माणसाला आवडायचे ते पदार्थ. युनेस्कोने हा सण 2008 मध्ये आणि मेक्सिकोची पारंपरिक पाककला 2010 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मळ्यात एका पाटावर असं मांडता येईल: आजोबांचा फोटो, त्यांची तंबाखूची चंची, कपभर चहा आणि त्यांच्या वाटची एक टॉर्टिया. पण घरातल्या सर्वांत वडील माणसाला आधी विचारा. ‘पितरपाट झाला, दिवाळी झाली, आता पितर कुठले?’ असं आजी म्हणाली तर वाद घालू नका. झेंडूची माळ चुलीवर बांधा आणि तो बेत पुढच्या पितृपक्षात करा. आजी हो म्हणाली तर तिलाच बोलू द्या, आजोबांच्या गोष्टी मुलांनी तिच्याकडूनच ऐकाव्यात.

निघताना पाहुण्याच्या हाती काहीतरी बांधून देण्याची रीत तिथेही आहे. आपला वानवळा आहेच: उरलेल्या टॉर्टिया फडक्यात, साल्सा बरणीत, वर दोन कणसं. शिळ्या टॉर्टिया दुसऱ्या दिवशी तुकडे करून तळा आणि साल्सात परता, फोडणीच्या पोळीइतक्याच झटपट होतात. ओलं पीठ मात्र कोणालाही बांधून देऊ नका. फ्रिजबाहेर ते रात्रीतून आंबतं.